कामाच्या ठिकाणी सर्वांना जागा

प्रास्ताविक

आपल्यापैकी अनेकजण शिक्षण घेत असतानाच कोठेतरी काम करीत असतील. कोणी दुकानात, कोणी कारखान्यात, कोणी कचेरीत, तर कोणी दुसऱ्याच्या घरी. जागेपणीचा बराचसा वेळ आपण कामाच्या ठिकाणी घालवतो. तेथे केवळ वेतन मिळून भागत नाही. आपले म्हणणे ऐकले जावे, आपल्याला सन्मानाने वागवले जावे आणि आपली अडचण ही केवळ आपलीच अडचण मानली जाऊ नये, असे प्रत्येकाला वाटत असते. या पाठात आपण कामाच्या ठिकाणची विविधता आणि समावेशकता या दोन संकल्पना समजून घेणार आहोत. त्यासाठी आपण प्रथम चेन्नईतील एका बाजारपेठेत जाऊ. नंतर, नोकरीच्या उंबरठ्यावर असतानाच बंद दारे उघडणाऱ्या दोन अभियंत्यांची माहिती घेऊ.

टी. नगरची बाजारपेठ

चेन्नई शहरात टी. नगर नावाचा विभाग आहे. मांबळम रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की समोरच रंगनाथन स्ट्रीट लागते. रस्ता अरुंद, पण दोन्ही बाजूंना कापड, दागिने, भांडी आणि तयार कपड्यांची दुकाने एकाला एक लागून उभी आहेत. पोंगल आणि दिवाळीच्या दिवसांत तर तेथे पाऊल ठेवायलाही जागा उरत नाही. जवळच पनगल पार्कच्या परिसरात कांजीवरम साड्यांची मोठमोठी दालने आहेत. अशा दालनात गिऱ्हाईक आरामात बसते आणि विक्रेती उभ्याने एकामागून एक साडी उलगडून दाखवते. गिऱ्हाईक बदलते, विक्रेती मात्र उभीच असते. अशा दुकानांत दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास उभे राहून काम करणाऱ्यांत खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलींची संख्या मोठी आहे. सतत उभे राहिल्याने पाय सुजतात, टाचा दुखतात, कंबर धरते, पायांच्या शिरा फुगतात. प्रसंगी बसण्यासाठी एक साधे स्टूल मिळावे, ही त्यांची मागणी वरवर पाहता किती लहान वाटते! परंतु ती मान्य होण्यासाठी कायदा करावा लागला. त्या कायद्याकडे आपण पाठाच्या शेवटी येऊ.

नावांमागचा इतिहास

टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. पूर्वी येथे मोठा तलाव होता. १९२०च्या दशकात तो बुजवून ही वसाहत वसवण्यात आली. सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव तिला देण्यात आले. १९१६ साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या जस्टिस पक्षाचे ते एक संस्थापक. पनगल पार्क हे नाव त्याच पक्षाचे नेते आणि मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री राहिलेल्या पनगलच्या राजांवरून, तर जवळचे नटेशन पार्क हे नाव पक्षाचे दुसरे संस्थापक डॉ. सी. नटेशन यांच्यावरून पडले.

या पक्षाचा प्रमुख प्रश्न काय होता? त्या काळी मद्रास प्रांतातील सरकारी नोकऱ्यांत बहुतांश ठिकाणी एकाच समाजगटातील सुशिक्षित माणसे दिसत. लोकसंख्येत ज्यांचे प्रमाण मोठे होते, त्या समाजांतील माणसे कचेरीत मात्र क्वचितच आढळत. हे चित्र बदलावे म्हणून १९२१ साली प्रांतिक सरकारने एक आदेश काढला. सरकारी जागांवर वेगवेगळ्या समाजांतील उमेदवारांच्या नेमणुका व्हाव्यात, असा त्याचा आशय होता. त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

महाराष्ट्राला हा विचार नवा नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानाच्या गॅझेटमध्ये एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. कोल्हापूर आणि मद्रास या दोन ठिकाणी एकच गोष्ट ओळखली गेली होती. दार बंद असेल, तर आतील माणसे आपोआप बदलत नाहीत. दार कोणीतरी उघडावे लागते.

विविधता म्हणजे काय? समावेशकता म्हणजे काय?

एखाद्या कामाच्या ठिकाणी स्त्रिया आणि पुरुष, निरनिराळ्या जातिधर्मांची, भाषांची, प्रांतांची, वयांची माणसे, तसेच दिव्यांग आणि तृतीयपंथी व्यक्ती एकत्र काम करीत असतील, तर तेथे विविधता आहे असे आपण म्हणतो. विविधता मोजता येते. हजेरीपट पाहिला की ती कळते.

समावेशकता मात्र हजेरीपटावर दिसत नाही. आत आलेल्या प्रत्येकाला काम नीट करता येईल अशी व्यवस्था असणे, त्याचे मत विचारले जाणे, बढतीची संधी त्यालाही मिळणे आणि कोणत्याही भयाविना, संकोचाविना त्याला तेथे वावरता येणे म्हणजे समावेशकता. नेमणूक हा विविधतेचा प्रश्न आहे. नेमणूक झाल्यानंतर माणूस तेथे टिकू शकतो का, हा समावेशकतेचा प्रश्न आहे.

हा फरक किती मोठा असतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली करारानुसार त्या संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. विद्वत्ता होती, पद होते, महाराज सयाजीरावांचा पाठिंबाही होता. परंतु कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. पिण्याचे पाणी त्यांना सहज मिळत नसे. राहण्यास शहरात कोणी जागा देईना. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी आश्रय घेतला, तर तेथूनही त्यांना बाहेर पडावे लागले. अखेर थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. नेमणुकीचा हुकूम महाराजांच्या हाती होता. पाण्याचा पेला आणि राहण्याची खोली मात्र इतर अनेकांच्या हाती होती. नुसता हुकूम का पुरत नाही, याचे उत्तर या घटनेत आहे.

गिंडीच्या महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी

टी. नगरपासून काही किलोमीटर अंतरावर गिंडी येथे देशातील एक जुने अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सुमारे दीड शतक तेथे केवळ मुलगे शिकले. १९४० साली ही परंपरा मोडली.

अय्यलसोमयाजुला ललिता यांचा जन्म १९१९ सालचा. पंधराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. अठराव्या वर्षी पती वारले, तेव्हा पदरी केवळ चार महिन्यांची मुलगी होती. त्या काळी विधवेच्या वाट्याला येणारे जिणे आपण जाणतोच. परंतु ललितांनी शिकण्याचा निश्चय केला. वैद्यकशास्त्र शिकावे, तर अपरात्री मुलीला सोडून रुग्णांकडे जावे लागेल. म्हणून ठरावीक वेळेची नोकरी मिळेल अशा अभियांत्रिकीकडे त्या वळल्या. त्यांचे वडील पप्पू सुब्बाराव गिंडीच्याच महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांची भेट घेतली. प्राचार्यांनी आणि शिक्षण खात्याच्या संचालकांनी संमती दिली आणि ललितांना प्रवेश मिळाला.

शेकडो मुलग्यांत एकच मुलगी. सहाध्यायी चांगले वागत. पण वसतिगृहात एकटीने राहणे जड जात असे. पुढे लीलाम्मा जॉर्ज आणि पी. के. त्रेसिया या दोन विद्यार्थिनींनी स्थापत्य अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला आणि तो एकाकीपणा सरला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एकाच व्यक्तीला आत घेऊन विविधता साधत नाही. एकट्या व्यक्तीवर आपल्या साऱ्या समाजाची बाजू राखण्याचा भार पडतो. तिची एक चूक झाली, तरी 'या लोकांना हे जमायचे नाही' असा निष्कर्ष काढला जातो. सोबतीला दुसरी आणि तिसरी आली म्हणजे तिला केवळ एक विद्यार्थिनी म्हणून जगता येते.

ललिता १९४३ साली विद्युत अभियंता झाल्या. पदवीचे प्रमाणपत्र छापताना कोणी स्त्रीचा विचारच केलेला नव्हता. छापील मजकुरातील पुरुषवाचक सर्वनाम खोडून त्या जागी हाताने स्त्रीवाचक सर्वनाम लिहावे लागले. पुढे कलकत्त्यातील एका विद्युत कंपनीत त्यांनी दीर्घकाळ काम केले. वीजवाहिन्यांचे आराखडे त्यांनी तयार केले. भाक्रा नांगल धरणाच्या विद्युत यंत्रणेच्या कामातही त्यांचा वाटा होता. १९६४ साली न्यूयॉर्क येथे महिला अभियंते आणि शास्त्रज्ञ यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा त्या तेथे उपस्थित होत्या. त्यांच्या सहाध्यायी त्रेसिया १९७१ साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात मुख्य अभियंता झाल्या. हे पद मिळवणाऱ्या त्या भारतातील पहिल्या महिला होत.

पुण्याला गेलेले पोस्टकार्ड

ललितांच्या पदवीनंतर तीन दशके उलटली. भारत स्वतंत्र झाला. राज्यघटनेने समान संधीचा हक्क दिला. तरीही १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सूचनाफलकावर एक जाहिरात लागली होती. टेल्को या कंपनीला पुण्यातील कारखान्यासाठी तरुण, हुशार, कष्टाळू अभियंते हवे होते. खाली एक ओळ होती: महिलांनी अर्ज करू नये.

ती जाहिरात वाचणाऱ्यांत सुधा कुलकर्णी नावाची एक तरुणी होती. आज आपण त्यांना लेखिका सुधा मूर्ती म्हणून ओळखतो. वय तेविशीचे. हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्या वर्गातील एकमेव मुलगी म्हणून शिकल्या होत्या. परदेशी जाऊन संशोधन करण्याचा त्यांचा विचार होता. नोकरीची निकड नव्हती. तरीही ती ओळ त्यांच्या मनाला लागली. त्यांनी अर्ज केला नाही, पण गप्पही बसल्या नाहीत. टाटा उद्योगसमूहाचे प्रमुख जे. आर. डी. टाटा यांना त्यांनी एक पोस्टकार्ड लिहिले. ज्या समूहाने देशात अनेक चांगल्या गोष्टींची सुरुवात केली, त्यानेच स्त्री-पुरुष असा भेद करावा याचे आश्चर्य वाटते, असा त्यातील आशय होता.

थोड्याच दिवसांत मुलाखतीसाठी बोलावणारी तार आली. प्रवासखर्च कंपनी देणार होती. पुण्यातील मुलाखत मंडळाने त्यांना तांत्रिक प्रश्न विचारले आणि त्यांनी उत्तरे दिली. मग मंडळातील एका वृद्ध गृहस्थांनी सौम्य शब्दांत अडचण सांगितली. कारखान्याच्या कार्यशाळेत आजवर एकाही महिलेला घेतलेले नाही, हे पुरुषांच्या वस्तीचे ठिकाण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कोठून तरी सुरुवात झालीच पाहिजे, नाहीतर ती कधीच होणार नाही, असे उत्तर सुधाताईंनी दिले. त्यांची निवड झाली. टेल्कोच्या कार्यशाळेत काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला अभियंता ठरल्या. ही हकिकत त्यांनी पुढे स्वतःच लिहिली आहे.

या प्रसंगाकडे नीट पाहिले तर तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, अन्याय दिसला त्या क्षणी त्यांच्याकडे पद नव्हते, अनुभव नव्हता, ओळखही नव्हती. होती ती फक्त स्पष्ट विचार करण्याची सवय. दुसरी, त्यांनी तक्रार योग्य व्यक्तीकडे आणि सभ्य शब्दांत केली. तिसरी गोष्ट पलीकडच्या बाजूची. पत्र मिळालेल्या व्यक्तीने ते केराच्या टोपलीत टाकले नाही. दार ठोठावणारा हवा, तसाच आतून कडी काढणाराही हवा.

महिलांना कारखान्यात न घेण्यामागे त्या काळी काही सबबीही सांगितल्या जात. १९४८च्या कारखाना कायद्यानुसार महिलांना सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कारखान्यात काम करण्यास मनाई होती. त्यामुळे पाळ्या लावताना अडचण येते, स्वच्छतागृहे नाहीत, वसतिगृह नाही, असे मालक सांगत. या अडचणी खऱ्या होत्या. परंतु स्वच्छतागृह नाही म्हणून महिलांना न घेणे आणि महिला नाहीत म्हणून स्वच्छतागृह न बांधणे, हे चक्र कधीच संपत नाही. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने महिलेची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर रात्रपाळीची मुभा दिली. आधी सोय करून वाट मोकळी करता येते, हे यावरून दिसते.

नवोदित अभियंता काय करू शकतो?

आता एक कल्पना करू. सोलापूरची एक तरुण अभियंता चेन्नईतील एका कचेरीत नुकतीच रुजू झाली आहे. टी. नगरमध्ये एका वसतिगृहात राहते. तमिळ अजून येत नाही. बैठकीत चर्चा तमिळमध्ये सुरू झाली की तिला काहीच कळत नाही. शेवटी 'काही शंका?' असे विचारले जाते, तेव्हा ती मान हलवते. तिला कोणी दुखावलेले नाही, तरीही ती बाहेर राहिली आहे. तिच्या शेजारी बसणाऱ्या तमिळ सहकाऱ्याने निर्णय थोडक्यात इंग्रजीत लिहून सर्वांना द्यावेत असे सुचवले, तर प्रश्न सुटतो. तिनेही दररोज चार तमिळ शब्द शिकले, तर तो अधिक लवकर सुटतो. पुण्यात नोकरीसाठी आलेल्या तमिळ तरुणाच्या बाबतीत हेच कर्तव्य आपल्याकडे येते.

अभियंत्याच्या हाती आणखी एक साधन असते, ते म्हणजे मोजमाप. समजा, कचेरीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. प्रत्येकीची उंची १५ सेंटिमीटर, म्हणजे एकूण चढ ४५ सेंटिमीटर. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या व्यक्तीला या तीन पायऱ्या भिंतीसारख्याच आहेत. उताराचा मार्ग करावयाचा तर सर्वसाधारण नियम एकास बाराचा आहे. एक सेंटिमीटर चढासाठी बारा सेंटिमीटर लांबी लागते. म्हणजे ४५ सेंटिमीटरसाठी ५४० सेंटिमीटर, अर्थात ५.४ मीटर लांबीचा उतार हवा. जागा वाचवण्यासाठी तो दोन मीटरचा केला, तर तो इतका तीव्र होतो की खुर्ची ढकलणाऱ्याचाही तोल जाईल. असा उतार कागदोपत्री सोय ठरतो, प्रत्यक्षात अपघाताचे कारण. नवोदित अभियंत्याने आराखड्यावर हे गणित मांडून दाखवले, तर ते कोणत्याही भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडते. त्याच उताराचा लाभ गरोदर स्त्रीला, गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला आणि सामानाची गाडी ढकलणाऱ्या कामगारालाही होतो.

संगणकावर काम करणाऱ्या अभियंत्यालाही हेच लागू आहे. दृष्टिहीन व्यक्ती संगणकाच्या पडद्यावरील मजकूर आवाजात ऐकवणारी प्रणाली वापरतात. चित्राला वर्णन जोडलेले नसेल, बटणाला नाव दिलेले नसेल, तर त्या प्रणालीला सांगण्यासारखे काही उरत नाही. ते नाव देण्यास काही क्षण लागतात. न दिल्यास एका कर्मचाऱ्याचे काम अडते.

कायद्याचा आधार

चांगुलपणा आवश्यक आहे. पण तो व्यक्तीगणिक बदलतो. म्हणून कायद्याचा आधार लागतो. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ नुसार धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून सरकारी नोकरीत भेदभाव करता येत नाही. अनुच्छेद ४२ नुसार कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणुसकीची असावी यासाठी राज्याने तरतूद करावयाची आहे.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७६ सालच्या कायद्याने स्वीकारले आणि पुढे २०१९च्या वेतन संहितेत ते समाविष्ट झाले. २०१७ साली मातृत्व रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे करण्यात आली. पहिल्या दोन अपत्यांसाठी ती लागू आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६चा कायदा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता देतो, सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखून ठेवतो आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण प्रसिद्ध करावे असे सांगतो.

१९९७ साली विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांवर आधारित कायदा २०१३ साली झाला. ज्या ठिकाणी दहा किंवा अधिक व्यक्ती काम करतात, तेथे अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. समितीची अध्यक्ष महिला असते आणि निम्म्याहून कमी महिला सदस्य चालत नाहीत. लहान दुकानांत किंवा घरकाम करणाऱ्या महिलांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची असते. ही माहिती आपण स्वतः लक्षात ठेवावी आणि इतरांनाही सांगावी.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

'नोकरीत गुणवत्ताच पाहावी, विविधता कशाला?' असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. तो टाळण्याचे कारण नाही. गुणवत्ता पाहिलीच पाहिजे. परंतु १९७४ सालची ती जाहिरात गुणवत्ता पाहत होती काय? अर्ज उघडण्याआधीच तिने निम्म्या लोकसंख्येला बाद केले होते. बडोद्याच्या कचेरीत गुणवत्तेची उणीव नव्हती. उणीव माणुसकीची होती. गुणवत्ता पारखायची तर प्रथम सर्वांना परीक्षेपर्यंत पोहोचता आले पाहिजे आणि निवड झाल्यावर ती गुणवत्ता वापरता आली पाहिजे. विविधता आणि समावेशकता यांचे कार्य नेमके हेच आहे.

पुन्हा टी. नगरकडे

आता त्या स्टुलाकडे परत येऊ. दुकानातील महिलांच्या बसण्याच्या हक्काची चळवळ प्रथम केरळात उभी राहिली. कोझिकोड येथील 'पेन्कूट्टू' या महिला संघटनेने आधी बाजारपेठेत स्वच्छतागृहांची मागणी केली आणि नंतर बसण्याच्या हक्काची. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी या तिच्या प्रमुख कार्यकर्त्या. २०१८ साली केरळने कायद्यात दुरुस्ती करून दुकानांत बसण्याची सोय बंधनकारक केली. तमिळनाडूने सप्टेंबर २०२१ मध्ये १९४७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नवे कलम घातले. काम करीत असता बसण्याची संधी मिळेल तेव्हा बसता यावे, म्हणून प्रत्येक आस्थापनेने सर्व कर्मचाऱ्यांसाठी योग्य आसनव्यवस्था ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. टी. नगरच्या दालनांनाही तो लागू आहे.

कायद्याने स्टूल आले. त्यावर बसता येईल का, हे मात्र मालक, देखरेख करणारा आणि गिऱ्हाईक या तिघांवर अवलंबून आहे. विक्रेती बसलेली दिसली म्हणजे ती आळशी आहे, असे आपण गिऱ्हाईक म्हणून मानत असू, तर स्टूल रिकामेच राहील. पुढच्या वेळी साडी किंवा चप्पल घेताना समोरची व्यक्ती उभी असेल, तर 'ताई, आपणही बसा' एवढे आपण म्हणू शकतो. ललितांसाठी एका प्राचार्यांनी संमती दिली, सुधाताईंसाठी एका उद्योगपतींनी पत्र वाचले. आपल्या हाती कदाचित तेवढा अधिकार नसेल. परंतु कोणाला तरी जागा करून देण्याची वेळ आपल्यावरही येतेच.

आपण काय शिकलो?

• विविधता म्हणजे निरनिराळ्या व्यक्तींना कामाच्या ठिकाणी प्रवेश मिळणे. समावेशकता म्हणजे त्यांना तेथे सन्मानाने काम करता येणे.
• नेमणुकीचा हुकूम आवश्यक असतो, पण रोजची वागणूक आणि सोयी यांशिवाय तो अपुरा ठरतो.
• नवोदित कर्मचारीही योग्य शब्दांत, योग्य ठिकाणी प्रश्न मांडून बदलाची सुरुवात करू शकतो.
• कायदा हक्क देतो. तो हक्क वापरता येईल असे वातावरण माणसांनी निर्माण करावयाचे असते.

स्वाध्याय

१. 'विविधता मोजता येते, समावेशकता हजेरीपटावर दिसत नाही.' या विधानाचा अर्थ पाठातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. महाविद्यालयात आणखी दोन विद्यार्थिनी आल्यामुळे ललितांच्या परिस्थितीत कोणता फरक पडला?
३. तुमच्या कामाच्या किंवा अभ्यासकेंद्राच्या इमारतीच्या दाराशी किती पायऱ्या आहेत ते मोजा. एकास बाराच्या प्रमाणाने तेथे किती लांबीचा उतार लागेल, ते काढा.
४. तुमच्या कामाच्या ठिकाणी कोणाची गैरसोय होत असेल, तर ती दूर करण्याविषयी संबंधित अधिकाऱ्यांना सभ्य भाषेत एक पत्र लिहा.